यादीत नाव आलंय, पण घोडा पळवायचा का?

पत्र:

दादा नमस्कार, आम्ही चार मित्रांनी मिळून एक घोडा घेतलाय, तीन वर्षांचा आहे. १२०० आणि १४०० मीटरच्या दोन चांगल्या रेस त्याने मारल्या, मग १६०० ला तिसरा आला पण शेवटच्या दोनशे मीटरला पार दमला. आता सीझनच्या सगळ्यात मोठ्या रेसच्या यादीत आमचं नाव आलंय, शेवटून दुसरं. रेस २४०० मीटरची. ट्रेनर म्हणतात नका पळवू. बाकीचे तिघे म्हणतात असा चान्स परत येत नाही, पळवायचाच, एकास ८० चा भाव असलेला, म्हणजे कोणी जिंकेल असं न धरलेला घोडापण डर्बी जिंकलाय. मला अजून एक गोष्ट टोचतेय. वेटिंगवर पहिला जो घोडा आहे त्याने २००० मीटर मारलीय, खरं तर तोच या रेसचा घोडा वाटतो, पण गुण आमचे जास्त. नियमाने आम्ही आत आहोत तर माघार का घ्यायची? आणि मोठ्या रेसमध्ये कोण धावणार हे ठरवायची ही पद्धत तरी बरोबर आहे का? फायनल डिक्लेरेशनला, म्हणजे घोडा धावणार हे पक्कं कळवायच्या मुदतीला, दोन आठवडे राहिलेत.
– चौथा भागीदार

उत्तर:

नमस्कार. आधी माझं मत सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावरून मी हा घोडा २४०० ला उतरवणार नाही. पण तुमच्या पत्रात एक महत्त्वाची गोष्ट राहिलीय, ती कळली तर माझं मत थोडं हलू शकतं, त्यावर पुढे येतोच.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण बाकीचा गोंधळ तिथूनच सुरू झालाय. मोठ्या रेसला घोडे जास्त आणि जागा कमी, म्हणून कुठलीतरी चाळणी लावावीच लागते. अमेरिकेतली तीन वर्षांच्या घोड्यांची मोठी रेस म्हणजे केंटकी डर्बी, तिला १९७४ मध्ये तब्बल २३ घोडे धावले, ती गर्दी बघून पुढच्या वर्षापासून २० ची मर्यादा आली. मग २० कोण, तर बरीच वर्षं ग्रेडेड, म्हणजे वरच्या दर्जाच्या, रेसमध्ये कमावलेल्या बक्षिसाच्या पैशावर ठरायचं. त्यातली अडचण अशी की पैसा कुठल्या अंतरावर कमावला हे कोणी विचारायचं नाही. २०१२ मध्ये ट्रिनिबर्ग नावाचा घोडा असाच आत आला, ७ फर्लाँगच्या, म्हणजे १४०० मीटरच्या, दोन ग्रेडेड रेस सरळ जिंकून. डर्बी १० फर्लाँगची, साधारण २००० मीटर. तो सुरुवातीला पुढच्या घोड्यांबरोबर जोरात पळाला आणि मग मागे मागे पडत गेला. आणि त्याच वर्षी, त्याच घोड्याने, ६ फर्लाँगची ब्रीडर्स कप स्प्रिंट जिंकली! म्हणजे त्या सीझनचा जगातल्या उत्तम स्प्रिंटर्सपैकी, म्हणजे छोट्या अंतरावर वेगाने पळणाऱ्यांपैकी, एक घोडा त्याच्या मालकांकडे होता, फक्त मे महिन्यातल्या त्या शनिवारी तो चुकीच्या रेसमध्ये उभा होता. तुमचं पत्र वाचताना मला पहिल्यांदा हाच घोडा आठवला.

२०१३ पासून तिथे गुणांची पद्धत आली. ठरावीक रेसनाच गुण, बहुतेक मैलाच्या किंवा त्याहून लांब, आणि डर्बी जवळ येईल तसे गुण वाढत जातात, शेवटच्या मोठ्या तयारीच्या रेसमध्ये जिंकणाऱ्याला १०० मिळतात आणि दोन वर्षांच्या घोड्यांच्या रेसला त्यामानाने अगदी थोडे. मला हे पैशाच्या पद्धतीपेक्षा पुष्कळ बरं वाटतं. इंग्लंडच्या ग्रँड नॅशनलवाले (ती अडथळ्यांवरून उड्या मारत पळायची लांब रेस) अजून कडक आहेत, घोडा किमान ७ वर्षांचा पाहिजे, ठरावीक रेटिंग पाहिजे आणि लांब पल्ल्याची चेस, म्हणजे अशीच अडथळ्यांची रेस, आधी पूर्ण केलेली पाहिजे, आणि २०२४ पासून तर त्यांनी ४० ऐवजी ३४ च घोडे ठेवलेत. जपानच्या अरिमा किनेनला चाहते मत देतात आणि सगळ्यात जास्त मतं मिळालेल्या घोड्यांना आधी जागा मिळते, म्हणजे तिथे लोकांना कोण बघायचाय हाच पहिला निकष. पण तिथेसुद्धा गंमत बघा, मतं मिळालेले सगळे घोडे धावतातच असं नाही, तबेल्याने नाही म्हटलं की नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ग्रँड नॅशनलसारखी अंतराची अट मला मनापासून आवडते, या अंतराच्या जवळपास काहीतरी करून दाखव आणि मग ये. पण तीन वर्षांच्या घोड्यांना ती जशीच्या तशी लावता येत नाही हेही खरंय. त्या वयात बहुतेकांना तेवढं अंतर पळायची संधीच मिळालेली नसते, केंटकीला येणाऱ्या घोड्यांपैकी जवळजवळ कोणीच आधी २००० मीटर पळालेला नसतो, शेवटची तयारी १८०० ला होते आणि वरच्या २०० मीटरचा अंदाजच बांधावा लागतो. त्यामुळे काही ना काही अंदाज राहणारच. तुमच्या रेसची चाळणी तुम्ही लिहिल्यावरून लहान अंतराच्या विजयालाही भरपूर गुण देणारी दिसते, त्यामुळे तुमचा घोडा आत आला. त्यात तुमची काही चूक नाही, घोड्याने मेहनतीने मिळवलेली जागा आहे ती, लाज वाटून घेऊ नका.

फक्त एवढं लक्षात घ्या की कमिटीने बघितलंय ते घोड्याने आत्तापर्यंत काय केलं ते. त्या दिवशी त्या अंतरावर तो काय करेल हे बघायचं काम कमिटीने तुमच्यावर आणि ट्रेनरवर सोडलेलं असतं, नियमावलीत ते कुठे लिहिलेलं नसलं तरी. त्यामुळे "नियमाने आत आहोत मग माघार का" याचं उत्तर नियमात सापडणारच नाही.

आता ती राहिलेली गोष्ट. १६०० च्या रेसमध्ये तो शेवटी दमला असं तुम्ही लिहिलंय, पण कसा दमला ते लिहिलं नाही. यात जमीन-अस्मानाचा फरक असतो हो. रेसचा व्हिडिओ परत लावा आणि शेवट बघू नका, तो तुम्हाला पाठ असेल, पहिले ८०० मीटर बघा. जॉकीचे हात बघा. घोडा मान वर करून लगाम ओढत होता का, तोंड उघडं होतं का, जॉकी मागे रेलून त्याला धरून ठेवत होता का? तसं असेल तर त्याने अर्धी ताकद भांडण्यात घालवली आणि शेवटी दमला तो अंतरामुळे दमला असं ठामपणे म्हणता येत नाही. असे घोडे पुढे शांत व्हायला शिकतात, कधी दुसऱ्या घोड्यांच्या मागे झाकून पळवलं की शिकतात, कधी वय वाढलं की. पण समजा तो छान सेटल होता, मान खाली, हात ढिले, पेस म्हणजे रेसचा वेग बेताचा, आतल्या बाजूने कुठे जादा अंतर न कापता आला, आणि वळण संपल्यावर जॉकीने मागितलं तेव्हा शंभर-दीडशे मीटर दिलं आणि मग संपला, तर त्याने तुम्हाला उत्तर दिलेलं आहे. १६०० ला असा संपणारा घोडा २४०० ला, म्हणजे अजून अर्धं अंतर जास्त, कुठून आणणार?

जॉकीलाही विचारा, आणि ट्रेनरच्या समोरच विचारा, पाठीमागे नको. सरळ प्रश्न, "शेवटी हाताखाली काय वाटलं?" चांगल्या जॉकीला घोड्याचा श्वास संपला की पाय संपले की मनच नव्हतं हे कळतं. आणि ट्रेनरना "का नको" विचारा, पण वाद घालायच्या सुरात नको. ट्रेनरच्या नाही म्हणण्यामागे बऱ्याचदा दोन कारणं असतात, एक सांगितलेलं आणि एक मालकांना वाईट वाटेल म्हणून न सांगितलेलं. अंतर हे सांगितलेलं कारण असेल. दुसरं कदाचित असं असेल की शेवटच्या रेसनंतर घोडा अजून पुरता सावरलेला नाही.

ते तुम्ही स्वतःही बघू शकता, त्यासाठी तज्ज्ञ असायला लागत नाही. जोरदार गॅलप, म्हणजे सरावाची दौड, झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तबेल्यात जा. पहिल्यांदा दाण्याचा डबा बघा, रात्रीचा खुराक संपवलाय का तळाला तसाच आहे. कष्टाने थकलेला घोडा पहिल्यांदा खाण्यातून सांगतो. मग सईस पुढच्या पायांवरून हात फिरवत असेल तेव्हा शेजारी उभे राहा, गुडघ्याखालच्या मागच्या बाजूने, जिथे टेंडन असतो तिथून घोट्यापर्यंत, आणि दोन्ही पायांना आळीपाळीने हात लावून बघा, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का, कुठे भरल्यासारखं लागतं का. मग त्याला कडक जमिनीवर हातात धरून दुडक्या चालीने पळवायला सांगा, तुमच्याकडे येताना आणि लांब जाताना, आणि डोकं बघा. पुढचा पाय दुखरा असेल तर तो टेकला की डोकं वर जातं. यातलं काहीही खटकलं तर अंतराची चर्चाच बंद, विषय संपला.

सगळं ठीक असेल आणि व्हिडिओत तो लगाम ओढताना दिसला असेल, तर एक चाचणी करता येईल. ट्रेनर हो म्हणाले तरच. डिक्लेरेशनच्या चार-पाच दिवस आधी, म्हणजे मधे सावरायलाही वेळ राहील, एका खऱ्या लांब पल्ल्याच्या जोडीदाराबरोबर लांब गॅलप. जोरात नाही, पण शेवटचे ४०० मीटर जोडीदाराबरोबर खांद्याला खांदा लावून. घड्याळापेक्षा हे बघा की शेवटी तुमच्या घोड्याला ढोसावं लागतंय का, आणि थांबल्यावर श्वास किती वेळात खाली येतो. जोडीदार शांत झाला आणि तुमचा अजून नाकपुड्या फुगवून उभा आहे असं दिसलं तर पुढे बोलायला नको.

आता मित्रांचा ८० चा घोडा. तो रिच स्ट्राइक, केंटकी डर्बी, २०२२. त्याचा पुरावा देताना सगळे अर्धीच गोष्ट सांगतात म्हणून पूर्ण सांगतो. तो ३०,००० डॉलर्सला क्लेमिंग रेसमधून, म्हणजे धावणारा घोडा ठरलेल्या किमतीला कोणीही विकत घेऊ शकतो अशा रेसमधून, घेतलेला घोडा, २० च्या बाहेर, वेटिंगवर. आदल्या दिवशी सकाळी मुदत संपता संपता इथिरियल रोड नावाचा घोडा मागे घेतला गेला म्हणून याला जागा मिळाली. सगळ्यात बाहेरचा गेट मिळाला. पुढच्या घोड्यांनी सुरुवातीला भयानक पेस लावला, ते सगळे शेवटी कोसळले, आणि हा मागून आतल्या बाजूने वाट काढत आला आणि जिंकला. जबरदस्त रेस आहे, मी कितीही वेळा बघू शकतो. पण तो मागे राहून शेवटी येणारा घोडा होता, १८०० मीटरच्या तयारीच्या रेसमध्ये शेवटपर्यंत पळून तिसरा आलेला होता. अंतर जास्त आणि पेस जोरात असणं त्याच्या फायद्याचं होतं. तुमचा घोडा १२०० आणि १४०० मारणारा, म्हणजे वेगाने पुढे राहणारा. त्या रेसमध्ये तो रिच स्ट्राइकच्या जागी नसता, पुढे पळून कोसळलेल्यांमध्ये असता. आणि अजून एक, डर्बीनंतर दोनच आठवड्यांनी प्रीकनेस ही पुढची मोठी रेस होती, ट्रिपल क्राउनची, म्हणजे एकाच वर्षी तीन ठरावीक मोठ्या रेस जिंकायची, दारं उघडी होती, तरी त्याच्या माणसांनी घोड्याला विश्रांती पाहिजे म्हणून ती रेस सोडली. तुमच्या मित्रांनी यातलं पहिलं ऐकलंय, हे दुसरंही त्यांना सांगा. तो त्यानंतर एकही रेस जिंकला नाही.

"असा चान्स परत येत नाही" हे मात्र मी उडवून लावणार नाही. तीन वर्षांच्या घोड्यांची रेस घोड्याच्या आयुष्यात एकदाच येते, आणि चार सामान्य माणसांनी पैसे जमवून घेतलेला घोडा तिथपर्यंत पोचला याचा आनंद काय असतो ते मला कळतं. घरचे येणार, पॅडॉकमध्ये उभं राहायचं, फोटो निघणार. ही इच्छा खोटी नाही. पण मग ती इच्छा म्हणूनच मांडा, घोड्याला जिंकायचा चान्स आहे असं म्हणून मांडू नका. दोन्ही वेगळी कारणं आहेत आणि मीटिंगमध्ये ती एकमेकांत मिसळली की भांडण होतं.

आणि घोड्याचं आयुष्य त्या एका दुपारी संपत नाही. ॲरोगेट २०१६ च्या डर्बीत नव्हताच, त्याची आयुष्यातली पहिली रेसच त्या एप्रिलमध्ये झाली. ऑगस्टमध्ये त्याने ट्रॅव्हर्स स्टेक्स साडेतेरा लेंग्थने (घोड्याच्या लांबीच्या मापाने) मारली आणि पुढे ब्रीडर्स कप क्लासिक. २०१९ चा ओमाहा बीच तर डर्बीचा फेव्हरिट होता, रेसच्या तीन दिवस आधी घशातला, श्वासाच्या मार्गातला दोष सापडला आणि त्याला मागे घेतलं. केवढा धक्का असेल विचार करा, फेव्हरिट! ऑपरेशन झालं, ऑक्टोबरमध्ये तो परत आला आणि ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची, स्प्रिंट जिंकला, डिसेंबरमध्ये अजून एक ग्रेड वन. तुमच्या घोड्याचं खरं अंतर १४०० असेल तर त्याच्यासाठी १४०० ची मोठी रेस शोधा, तिथे तो यादीत शेवटून दुसरा नसेल. २४०० ला दमून, अंगातलं सगळं ओतून आलेला घोडा सावरायला कधी कधी महिनोन्‌महिने घेतो आणि त्याचं मन खचलं तर परत पूर्वीसारखा लढेलच याची खात्री नसते.

धोक्याबद्दलही स्पष्ट बोलतो. भरलेल्या फील्डमध्ये दमलेला घोडा पाऊल चुकवतो, लाइन सोडतो, त्याच्या मागच्याला आणि वर बसलेल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागू शकते. २०२० च्या ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न कपमध्ये अँथनी व्हॅन डाइक हा इंग्लंडची डर्बी जिंकलेला घोडा पाय मोडून दगावला, त्यानंतर बाहेर देशातून येणाऱ्या घोड्यांच्या पायांचे स्कॅन सक्तीचे झाले. २०२३ च्या केंटकी डर्बीचा फेव्हरिट फोर्टे रेसच्या सकाळी डॉक्टरांनी थांबवला, पायाला मार होता म्हणून. मोठमोठ्या तबेल्यांचे घोडे असे थांबतात, तुम्हाला थांबण्यात कमीपणा कसला?

वेटिंगवरच्या घोड्याबद्दल तुमचं मन टोचतंय ते चांगल्या माणसाचं लक्षण आहे, पण मीटिंगमध्ये तो मुद्दा काढू नका. तुम्ही तो काढलात की तिघे म्हणणार "आपण दुसऱ्यासाठी का सोडायचं" आणि मग आपल्या घोड्याचं बोलणंच राहून जाईल. तुमचा घोडा खरंच तयार असता तर वेटिंगवरच्यासाठी मी तुम्हाला माघार घ्यायला सांगितलं नसतं.

मीटिंगला ट्रेनरना बोलवाच. आत्तापर्यंत भरलेली एंट्री फी आणि फॉर्फिटचे (नाव मागे घेतलं तरी परत न मिळणारे) पैसे गेलेत असं समजा, धावला तरी ते परत येणार नाहीत, त्यामुळे "एवढे भरलेत तर" हे वाक्य आलं की तिथेच थांबवा. तीन विरुद्ध एक असं मतदान घेऊ नका. त्याऐवजी आधी कागदावर लिहून घ्या की काय दिसलं तर पळवायचा आणि काय दिसलं तर नाही, व्हिडिओ, पाय, गॅलप, आणि चौघांनी सह्या करा, मग गॅलप बघा. आधी गॅलप आणि मग अट ठरवली तर प्रत्येकाला आपल्या मनातलंच दिसणार. आणि भागीदारीच्या करारात शेवटचा शब्द कोणाचा हे लिहिलेलं नसेल तर या निमित्ताने लिहून टाका, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

मागे घ्यायचं ठरलं तर रेंगाळू नका. रेस ऑफिसला मुदतीच्या आत लेखी कळवा, ट्रेनरच्या सहीने. मुदतीच्या आधी निघालात तर वेटिंगवरचा पहिला घोडा आत येतो, मुदतीनंतर निघालात तर ती जागा रिकामीच राहते आणि त्याचा काहीच फायदा कोणाला होत नाही. त्या घोड्याच्या ट्रेनरला तुमच्या ट्रेनरकडून एक फोन आधीच गेला तर अजून बरं, त्यांनाही जॉकी बघायचा असतो, शेवटचा गॅलप ठरवायचा असतो.